गल्लीने आणलेलं पिठलं

आमच्या सोसायटीच्या बागेत संध्याकाळी आम्ही सगळ्या जमलो की विषय हटकून परदेशाचा निघतो. कुणाचा नातू जर्मनीत शिकतोय, कुणाची सून ऑस्ट्रेलियात, कुणाच्या भाचीला तिकडे खोली मिळेना. मी सगळं ऐकून घेते आणि मग हळूच म्हणते, "मीसुद्धा परदेशात शिकले हो." कुणी नवी असली तर लगेच विचारते, "अय्या, कुठे?" मी सांगते, "खडकीला." बाकीच्या हसतात, आणि त्या नवीला वाटतं, म्हातारीचं काहीतरी बिघडलंय. पण मी खोटं बोलत नाही. मी मॉरिशसची; तिथे शिकवून निवृत्त झाल्यावर पुन्हा पुण्याला राहायला आले. आमच्या घराण्यातलं कुणीतरी फार पूर्वी रत्नागिरीकडून जहाजात बसून तिथे ऊस तोडायला गेलं, आणि पुढच्या पिढ्या तिथल्याच झाल्या. घरात गणपती बसायचा, आरत्या तोंडपाठ होत्या, पण त्यांचा अर्थ विचाराल तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे. आपसात बोलायचो ते क्रिओल, तिथली फ्रेंच वळणाची बोली. आईला मात्र थोडी मराठी यायची, तीही कोकणातल्या जुन्या वळणाची, समुद्र ओलांडताना मीठ लागलेली.

वडील लवकर गेले. आई उसाच्या मळ्यात कामाला जायची. आमच्या गावात संध्याकाळी मुलांना मराठी शिकवायचा वर्ग भरायचा, त्याला आम्ही बैठका म्हणायचो. तिथले गुरुजी थकले होते. त्यांच्यानंतर कोण, असा विषय निघाला तेव्हा बाप्ये सगळे इकडेतिकडे बघायला लागले आणि आई म्हणाली, "माझी इंदू." मामा ओरडला, की मुलीला एकटीला एवढ्या लांब पाठवतात का? आईने माझी पेटी भरायला घेतली. अशी मी शिष्यवृत्तीवर पुण्याला शिक्षिका व्हायला आले. अट एकच होती. मध्येच सोडून परत गेलीस तर पुन्हा संधी नाही.

कॉलेजच्या वसतिगृहात जागा नव्हती. तिथल्या ग्रंथालयात काम करणाऱ्या बाईंनी मला खडकी बाजारातल्या आपल्या बहिणीकडे नेऊन सोडलं. त्या सुलोचनाकाकू. त्यांचे यजमान वामनकाका दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. मूलबाळ नव्हतं. दोन खोल्या, पुढे एक कट्टा आणि गल्लीच्या तोंडाशी नळ. काकूंनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि बहिणीला म्हणाल्या, "परदेशी म्हणालीस ना? ही तर आपल्या शेजारच्या शेवंतासारखी दिसते. उगाच मी नव्या चादरी काढल्या." पुण्यातलं माझं स्वागत ते हे.

त्या घराचे आवाज माझ्या कानात अजून आहेत. पहाटे काका बुद्धवंदना म्हणायचे, इतक्या हळू, की जणू भिंतीला सांगताहेत. मग नळावर हंडे आपटायला लागायचे. मग स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज, आणि तो पेटला की त्याची ती घरघर. त्यात कारखान्याचा भोंगा वाजला की काका चहा अर्धा टाकून सायकलवर बसायचे. शेजारी गणपतीची आरती, पलीकडून चर्चची घंटा, लांबून लष्कराचं बिगुल, आणि या सगळ्याखालून लोकलचा खडखडाट. माझ्या बेटावर वाऱ्याशिवाय आणि कुत्र्यांशिवाय आवाज नव्हता. पहिले काही दिवस मला वाटायचं, इथे रोज कुणाचं तरी लग्न असतं.

काकूंची जीभ. काय सांगू तिच्याबद्दल! मला वाटायचं ही बाई माझ्यावर रागावलेली असते. एकदा मी मोठ्या हौसेने आमच्याकडची दालपुरी केली. म्हणजे शिजवलेली डाळ वाटून पोळीत भरायची, थोडं जिरं, हळद, मीठ. काकूंनी एक घास खाल्ला, शांतपणे गिळला आणि म्हणाल्या, "तुमचे पूर्वज जहाजात चढताना गूळ इथेच विसरले वाटतं." मी म्हटलं, "अहो काकू, आमचं अख्खं बेट उसाचं आहे." "मग तर कमालच आहे," असं म्हणून त्यांनी अजून दोन घेतल्या. काका खाली मान घालून हसत होते. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हे रागावणं नाही, हे लाड आहेत. इथले लाड असेच कोरडे असतात, त्यांना तूप लावलेलं नसतं. मराठी मला कॉलेजने शिकवली असं प्रमाणपत्र म्हणतं. खरं म्हणजे ती मला काकूंनी शिकवली. भाजी आणायला पाठवायच्या आणि परत आल्यावर विचारायच्या, "काय म्हणाला तो? आणि तू काय म्हणालीस? एवढंच? भांडली नाहीस? मग शिकलीस काय?" आमच्याकडे सुके मासे असतात तसे काकूंकडे सुके बोंबील असायचे, आणि रविवारी ते भाजले की त्या वासाने मला आईची आठवण येऊन मी कट्ट्यावर जाऊन बसायची. काकू आतून ओरडायच्या, "रडून झालं असेल तर या, भाकरी गार होतेय."

दुसऱ्या वर्षी परीक्षा जवळ आल्या होत्या. एका संध्याकाळी काका कारखान्यातून आले ते सायकल टेकवून तसेच उभे राहिले. हातात वर्तमानपत्र होतं. म्हणाले, "इंदू, बस जरा." ते कधी मला बस म्हणत नसत. मॉरिशसला मोठं वादळ झालं, घरं पडली, माणसं गेली. बातमी एवढीच, कोपऱ्यात, दोन ओळी. माझं अख्खं बेट त्या दोन ओळींत होतं. कोणतं गाव, कोण माणसं, काही नाही. काकांनी दुसऱ्याच दिवशी तार केली. उत्तर आलं नाही. पुन्हा केली. तारऑफिसातले म्हणाले, तिकडच्या लाइनीच पडल्यात, वाट बघा.

आता माझी भाची व्हिडिओ कॉल करून मला तिच्या घरामागचा समुद्र दाखवते, लाट आली की म्हणते, "बघ मावशी, भिजले." मी तिला म्हणते, बाई, तुला कळायचं नाही, बातमी नसणं म्हणजे काय ते. त्या दिवसांत मी कॉलेजला जाणं बंद केलं. पेटी पलंगाखालून बाहेर काढून ठेवली होती. मनात एकच, परत जायचं. शिष्यवृत्ती गेली तर गेली. आईच नसेल तर मी कोणासाठी शिकायचं? काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "आधी कळू दे." काकूंना सांगितलं तर त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तुला वाटेल तसं कर हं, बाळा." बाळा! सुलोचनाकाकू माझ्याशी गोड बोलल्या, तेव्हा मला खरी भीती वाटली.

अशात एक दिवस घरातलं रॉकेल संपलं. काका कामावर गेले होते. काकू रेशनच्या रांगेत डबा घेऊन उभ्या राहायला सकाळीच निघून गेल्या. जाताना म्हणाल्या, "आल्यावर स्वयंपाक करते, तोवर कपाटात पोहे आहेत." मी पोहे घेतले नाहीत. डोक्यावरून पाणी घेतलं, केस मोकळे सोडले आणि दाराशी येऊन बसले. वेणी घालायचा उत्साह नव्हता. दुपार होत आली तरी मी तशीच. शेवंतावहिनी विरजण मागायला आल्या. या आमच्या शेजारीण, दापोडीच्या शेतकरी घरातल्या, सगळ्या गल्लीचं बरंवाईट आपल्या अंगावर घेणाऱ्या. त्यांनी माझे मोकळे केस पाहिले. आत डोकावून थंड स्टोव्ह पाहिला. मग हलकेच विचारलं, "काय गं पोरी, आईचं काय कळलं?" आई म्हटल्याबरोबर माझं रडं फुटलं आणि मला काही बोलताच येईना. त्यांनी मला पोटाशी धरलं, थोपटलं, आणि विरजण न घेताच गेल्या.

थोड्या वेळाने काय बघते! शेवंतावहिनी आल्या, त्यांच्या हातात टोपलीभर भाकरी. मागून त्यांची जाऊ, पातेल्यात पिठलं. कोपऱ्यावरच्या फिलोमिना आंटी, डोक्याला रुमाल बांधून, हातात भाताचा डबा. आणखी दोघीतिघी आल्या. भिंतीला टेकून सगळ्या बसल्या. वहिनींनी ताट वाढलं आणि म्हणाल्या, "दोन घास खाऊन घे."

आता मराठी माणसाला मी पुढचं सांगायची गरज नाही. ज्या घरात माणूस गेलं, तिथे चूल पेटत नाही, आणि शेजारी पिठलं-भाकरी घेऊन येतात. हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. मला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे तसं करत नाहीत. मला वाटलं, काय ही माणसं! रॉकेल संपलं हे कळलं आणि अख्खी गल्ली जेवण घेऊन आली! आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला भूक लागली. ते पिठलं पातळ होतं, वरून लसणाचे लाल तुकडे, भाकरी अजून वाफाळत होती. मी एक खाल्ली, दुसरी घेतली. म्हटलं, "वहिनी, किती छान झालंय हो! अजून आहे का?" बायकांनी एकमेकींकडे बघितलं. जाऊबाई पुटपुटल्या, "धक्का बसलाय पोरीला." शेवंतावहिनींनी डोळ्याला पदर लावला आणि अजून पिठलं वाढलं. मी म्हटलं, "आईला कळवणार मी, खडकीच्या बायका कसं पिठलं करतात ते. ती इथे आली ना, की तिलाही खायला घाला." झालं! फिलोमिना आंटींनी छातीवर क्रूस काढला, आणि सगळ्या एकदम हुंदके द्यायला लागल्या. मी हातात भाकरी धरून बघतच राहिले.

त्याच वेळी काकू दारात आल्या. हातात रॉकेलचा डबा, कपाळावर घाम. त्यांनी बायका पाहिल्या, ताट पाहिलं, माझे केस पाहिले. डबा खाली ठेवायचंही त्यांना सुचलं नाही, उंबऱ्यावरच बसल्या. तोंड पांढरं पडलं होतं. फक्त म्हणाल्या, "तार कधी आली?"

त्या एका प्रश्नाने माझ्या हातातली भाकरी ताटात पडली. मला सगळं एकदम उमगलं, आणि चुकीचं उमगलं. म्हणजे तार आली आहे. या सगळ्यांना माहीत आहे. मलाच सांगितलं नाही. मी उठले आणि काकूंना विचारलं, "माझी आई गेली?" काकू म्हणाल्या, "मला काय माहीत? तार तू वाचलीस ना?" मी म्हटलं, "मी नाही वाचली. तुम्ही वाचली?" आम्ही दोघींनी मग शेवंतावहिनींकडे पाहिलं.

वहिनी चाचरत म्हणाल्या, "तार? तार कुठं हाय? आवं, केस मोकळे सोडून बसलेली, रडतेय, दुपार झाली तरी चूल थंड हाय, मंग माणसानं काय समजावं?"

काकू हळूहळू उभ्या राहिल्या. त्यांनी तो डबा उचलला आणि सगळ्यांसमोर धरला. "हे काय आहे? रॉकेल! ते संपलं होतं. चूल थंड दिसली म्हणून माणूस मारता होय गं? मग आमच्याकडे दर महिन्याला रॉकेल संपतं, दर महिन्याला एक मारा! माझ्यापासून सुरुवात करा!"

"काकू, तसं न्हाई. जित्या माणसाची मेल्याची बातमी उठली की त्याचं आयुष्य वाढतंय म्हणतात. चांगलंच झालं."

"मग स्वतःची उठव की! थांब, सकाळी मीच ओरडत फिरते गल्लीतून."

फिलोमिना आंटी आधी हसल्या. मग जाऊबाई. मग वहिनी रडता रडताच हसायला लागल्या, आणि मी तर हसतेय का रडतेय मलाच कळेना. जाऊबाईंनी माझ्या जेवणाची सगळी हकीकत सांगितली, तरी काकूंना मात्र हसू येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं आणि म्हणाल्या, "आणि तू! दोन भाकरी खाल्ल्यास? सुतकाच्या ताटावर बसून अजून आहे का विचारणारी तू पहिलीच." त्या पुन्हा मला टोचून बोलायला लागल्या होत्या. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आणलेलं जेवण परत न्यायचं नसतं, म्हणून मग सगळ्याच तिथे जेवायला बसल्या. माझी आई जिवंत आहे की नाही हे ठाऊक नसताना, खडकी बाजारातल्या त्या बायका तिच्या नावचं पिठलं माझ्याबरोबर खात होत्या. जगात बरीच मोठी माणसं भेटली मला पुढे, पण अशी पंगत पुन्हा बघितली नाही. माझ्या आईला कधीही न पाहिलेल्या या बायकांनी घरची कामं टाकून, पीठ मळून, तिच्यासाठी डोळे पुसले होते. कुणी सांगितलं होतं त्यांना?

काका जेवायच्या सुट्टीत घरी आले, तेव्हा काकूंनी त्यांना पाणीसुद्धा दिलं नाही. म्हणाल्या, "अहो, कामावर परत जाऊ नका आज. या पोरीला घेऊन शहरात जा आणि तो काय फोन असतो परदेशाचा, तो लावा. आपण तारेची वाट बघत बसलो तर ही गल्ली उद्या तेरावं घालेल." काका मुखदुर्बळ माणूस. दुकानदाराने कमी वजन दिलं तरी न बोलता घेऊन यायचे. पण ते लगेच उठले. आम्ही लोकलने पुण्याला गेलो, तारऑफिसात कॉल बुक केला आणि बाकावर बसलो. आमच्या गावात फोन एकाच ठिकाणी, चिनी दुकानदाराकडे. त्याला आम्ही नुसतं मिस्ये म्हणायचो, म्हणजे साहेब. तिकडची लाइन जोडलेली असेल का, दुकान उभं असेल का, मिस्ये तरी असेल का? बाकावर बसून मी मनात सगळ्यांना एकेक करून मारत होते आणि जिवंत करत होते.

दुपार उलटून गेल्यावर आमचा नंबर पुकारला. फोनच्या काचेच्या खोक्यात शिरून मी फोन कानाला लावला. नुसती खरखर, जणू वादळ अजून तारेत अडकलंय. मग लांबून, विहिरीतून आल्यासारखा मिस्येचा आवाज. मी क्रिओलमध्ये किंचाळले, "माझी आई?" तो म्हणाला, "थांब, बोलावतो," आणि फोन तसाच ठेवून गेला. बोलावतो! म्हणजे बोलावता येण्यासारखी आहे! मी रडत रडत खोक्याच्या काचेतून काकांना ओरडून सांगितलं, "आईला बोलवायला गेलाय!" पण दुकानापासून आमच्या घराची वाट काही कमी नाही, आणि काउंटरमागची ऑपरेटर मोठ्याने म्हणाली की वेळ संपत आलीय. मी काही म्हणायच्या आत खोक्याबाहेरून एक आवाज कडाडला. "ओ बाई! लाइन तोडायची नाही! तिची आई पळत येतेय तिकडे!" वामनकाका. दुकानदाराशी न बोलणारे वामनकाका काउंटरवर मूठ आपटत होते. सगळं तारऑफिस वळून बघायला लागलं. रांगेतला एक फौजी म्हणाला, "माझा कॉल नंतर लावा, आधी ह्यांचा होऊ द्या." लाइन तुटली नाही.

मग धाप ऐकू आली. शब्द नाहीत, फक्त पळून आलेल्या बाईची धाप. ती मी हजारांत ओळखली असती. आई म्हणाली, "इंदू, आमी हाव. सगली हाव." घराचं छप्पर उडालं होतं, ऊस आडवा झाला होता, सगळे शाळेच्या इमारतीत राहत होते. मी म्हटलं, "आई, मी येते. पेटी भरलीय." तिकडे जरा वेळ खरखर. मग ती तिच्या त्या जुन्या, मोडक्या, सुंदर मराठीत म्हणाली, "तू येवन काय करशी? तू काय छप्पर हास? तुझा शिकायचा पुरा कर, मग ये." आणि लाइन गेली.

बाहेर आले तर काका डोळे पुसत होते आणि पुसत नसल्यासारखं दाखवत होते. संध्याकाळच्या लोकलने आम्ही खडकीला परतलो. हल्ली त्या रुळांशेजारून मेट्रो जाते, गार हवेची, गुळगुळीत. कधी तिच्यातून गेले की मला त्या संध्याकाळची लोकल आठवते, आणि समोर बसलेला तो साधा माणूस, जो माझ्या आईसाठी आयुष्यात एकदा ओरडला.

गल्लीच्या तोंडाशी सगळ्या उभ्या होत्या. शेवंतावहिनींनी माझं तोंड बघूनच ओळखलं आणि त्या "मी म्हणलं हुतं, आयुष्य वाढलं!" असं ओरडत आमच्या कट्ट्यापर्यंत धावत गेल्या. काकू पुढे आल्या नाहीत. त्या दारात उभ्या होत्या, हात पदराला पुसत. मी सगळं सांगितलं. छप्पर, ऊस, शाळा. आणि आई काय म्हणाली तेही, अगदी तिच्याच शब्दांत. काकूंनी ते सगळं ऐकलं.

"शहाणी बाई आहे," त्या म्हणाल्या. "मग? कॉलेजला उद्या सुट्टी आहे का?"

दोन बायका, मध्ये अख्खा समुद्र, एकीने दुसरीला कधी पाहिलेलं नाही, आणि माझ्याबाबतीत दोघींचं एकमत. तिथे माझं काय चालणार? मी पेटी रिकामी केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने कॉलेजला गेले.